कॅलिंडाचा राजा मस्कोकात बुडाला

ऑफिसचं टीम बिल्डिंग यंदा मस्कोकाला, टोरोंटोच्या उत्तरेच्या तळ्यांच्या भागात, ठरलं. नको म्हणायची सोय नव्हती, कारण टीम लीडची जागा रिकामी होती.

टोरोंटोहून शाल्मलीच्या गाडीने निघालो. ती कोल्हापूरची, मी नागपूरचा. ऑफिसात शेजारी बसतो. जाणार असाल तर लाँग वीकेंड टाळा. बॅरीपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये तिच्या थालीपिठांनीच आम्हाला माणसांत ठेवलं.

तळ्यावर कळलं, आमच्या डायरेक्टरना इतिहासाचा नवा नाद लागलाय. अडीच हजार वर्षांपूर्वीची सलामिसची ग्रीक-इराणी आरमारी लढाई आम्ही वल्ह्याच्या होड्यांतून लढायची. ते स्वतः इराणचे सम्राट, कारण फोल्डिंग खुर्ची त्यांच्याकडे होती. शाल्मली त्यांच्या बाजूची राणी. मी कॅलिंडाचा राजा, त्याच बाजूचा.

"हा कोण?" मी विचारलं.

"छोट्या गावाचा राजा. स्वतःचं जहाज घेऊन लढायला आला होता. स्मॉल रोल, बट इम्पॉर्टंट!" डायरेक्टर म्हणाले. पुढे त्याचं काय झालं, ते सांगितलं नाही.

शिट्टी वाजली. ग्रीक, म्हणजे सेल्सवाले, शाल्मलीच्या मागे लागले. तिच्या वाटेत मी आडवा.

"सरक रे!"

"कुठे सरकू? वळतच नाहीये!"

तिने मागे पाहिलं आणि होडी सरळ माझ्यावर घातली. पाणी जूनमध्येही बर्फासारखं. लाइफ जॅकेटमुळे तरंगलो, पण अर्धं तळं पोटात गेलं. ही आपल्यातलीच, असं समजून सेल्सवाले परत फिरले. डायरेक्टर खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटत होते. "शत्रूला बुडवलं! दॅट्स लीडरशिप!"

कपडे वाळत घालून फोनवर शोधलं. खऱ्या लढाईतही असंच झालं होतं, सम्राटाच्या शाबासकीसकट. फक्त त्या राजाच्या जहाजावरचं कुणी तक्रार करायला उरलं नव्हतं. मी उरलो होतो.

शाल्मलीने टॉवेल पुढे केला. "सांगणार आहेस?"

डायरेक्टर शेजारीच बर्गर खात होते. मी त्यांच्याकडे केचप मागितलं.

आठवड्याभरात ती टीम लीड झाली. काम तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, आणि तेच जास्त जिव्हारी लागतं. मस्कोकाचं पाणी सुंदर आहे, जरूर जा. माझ्या कानात अजून थोडं आहे.

घरी जेवताना बुडाल्याचं आणि टाळ्यांचं सांगितलं, तर लेकीने विचारलं, "बाबा, हू सँक यू?"

"आपल्याच बाजूने."

"देन व्हाय डिड ही क्लॅप?"

"सरांना लांबून नीट दिसलं नाही, बेटा."

"अँड यू डिडन्ट टेल हिम?"

भात वाढता वाढता बायकोचा हात थांबला. तिलाही उत्तर ऐकायचं होतं.