चॅट परत रुसलंय

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर अडला की मला बोलावतात. सगळ्यात जास्त बोलावतात त्या अकाउंट्सच्या मॅडम. "अरे, चॅट परत रुसलंय बघ." मग मी तज्ज्ञाच्या थाटात केबल हलवायचो, चॅट काढून परत टाकायचो आणि इंटरनेटवाल्याला नावं ठेवायचो.

एकदा मी शेजारीच उभा असताना फायरवॉलने पडद्यावर विचारलं, या चॅटच्या प्रोग्रामला येऊ द्यायचं का? मॅडमनी न वाचताच ‘नको’ दाबलं.

"मॅडम, नको का?"

"डोंबिवलीत दारावर कोणीही आलं की मी आधी नकोच म्हणते. सवय रे."

मी सेटिंग उघडून परवानगी कशी द्यायची ते शिकवलं. तेव्हापासून मला दिवसभर मॅडमचं चॅट: ‘जेवलास का?’ ‘आज डबा नाही ना आणलास?’ शेवटी वैतागून मी माझ्या फायरवॉलमध्ये चॅटच अडवलं.

दुपारी मॅडम भाजीपोळीचा डबा घेऊन हजर. "तुझं चॅट रुसलंय. सरक."

मी शिकवलेलं सेटिंग त्यांनी शांतपणे उघडलं, नीट वाचलं, परवानगी दिली.

"नको दाबलेलं दिसतंय. तूपण डोंबिवलीचाच का रे?"

मी इथे ठाण्यातच, बाळकुमला राहतो. पण हो म्हणालो.