वैजू आधी विचारून यायची

मी सर्व्हरची यादी लॅमिनेट करून घेतली होती. लालबागच्या झेरॉक्सवाल्याकडून, रंगीत रकान्यांसकट! तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, परळच्या एका ऑफिसात सर्व्हर सांभाळणारी आणि स्वतःला फार हुशार समजणारी बाई. आज नात विचारते, "आजी, तू कॉम्प्युटरवर काय करायचीस गं?" की मी विषय बदलते. ती यादी आठवते, आणि यादीमागून शेजारच्या टेबलावरची वैजू.

वैजूला जाऊन सहा आठवडे झाले. मला कळलं तिसऱ्या दिवशी, कारण ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर माझा बंद पडलेला नंबर होता. चिडू कोणावर? नवा नंबर मीच कळवला नव्हता.

आमचं काम म्हणजे क्लाउडवर भाड्याने घेतलेली मशीन सांभाळायची. गर्दी वाढली की चार नवी उभी राहतात, ओसरली की बंद होतात, आणि बंद झालेल्याचा पत्ता उद्या भलत्याच मशीनला मिळतो. सगळ्यांना एका झटक्यात सूचना देणारा प्रोग्राम होता. कोणाला द्यायच्या, ते त्याला माझ्या यादीतून कळायचं. वैजू कपाळावर हात मारायची. "अगं, पत्ते पाठ करून काय उपयोग? आधी क्लाउडलाच विचार ना, आत्ता कोण चालू आहे, कोण कुठल्या कामाचं आहे. मग सोड तुझ्या सूचना." तसं विचारणारी स्क्रिप्ट तिने लिहूनही ठेवली होती. म्हणायची, हे आईकडून शिकले. चिंचपोकळीच्या त्यांच्या चाळीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी आई मजलाभर फिरून यायची. कोण गावाला गेलंय, कोणाकडे नवी सून आलीय... मग वाणं भरायची. वैजूही तेच करायची, घरी वाणांचं आणि ऑफिसात मशीनचं. "वैजू, हे सर्व्हर आहेत, सुवासिनी नव्हेत," असं म्हणून मीच हसायचे.

एका सोमवारी सकाळी मी यादीवरून सूचना सोडल्या. त्यातलं एक मशीन आदल्या आठवड्यात बंद झालेलं. त्याचा पत्ता आता आम्हीच सांभाळत असलेल्या, एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंट घेणाऱ्या मशीनकडे गेलेला. त्याची सगळी मांडणी माझ्या सूचनांनी पुसली. दवाखान्यात पेशंट ताटकळत, आमच्याकडे फोनवर फोन. साहेब आले. "कोणी चालवलं हे?" मी टेबलाखाली वाकून पेन शोधत होते. पेन माझ्या हातातच होतं. वरून वैजूचा आवाज आला, "मी, सर."

त्या वर्षी टीम लीड तीच व्हायची होती. झाली नाही. मला एवढंच म्हणाली, "ती यादी फाड आधी." लॅमिनेट केलेली यादी फाटत नाही... कात्री आणावी लागली. पुढे निवृत्त होईपर्यंत मी तिचीच स्क्रिप्ट वापरली, पण "चूक माझी होती" हे साहेबांना सांगितलं नाही, आणि तिची माफीही मागितली नाही. उद्या मागू, परवा मागू. तिच्याकडच्या हळदीकुंकवाला जाणंही सोडलं. कधी गुडघे दुखायचे, कधी पाहुणे यायचे. गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

कळल्यावर तिच्या घरी भेटायला गेले, तर जमलेले सगळे म्हणत होते, "किती शांत होत्या!" कसली शांत? वाद घालताना टेबलावर पट्टी आपटायची. मला सगळ्यांचा राग आला, सगळ्यात जास्त वैजूचा. कोणी सांगितलं होतं "मी, सर" म्हणायला? आणि आता कोणाची माफी मागू मी?

परवा पुन्हा गेले. घरात तिची मुलगी नेहा एकटीच होती. तिच्यासमोर सगळं बोलून टाकलं, पेनासकट. ती उठली आणि ओट्याखालचा खण ओढला. अर्ध्यावर अडकला, तशी दोन्ही हातांनी ओढला. आत चहाची गाळणी, साबणदाणी, चिमटा, स्टीलची वाटी, कंगवा... सगळं एकेकच, कोरं.

"मावशी, ते 'मी, सर' आईने आम्हाला हसत हसत सांगितलंय. तिला राग त्याचा नव्हता, तुम्ही यायचं सोडलंत त्याचा होता. बाकीच्यांची वाणं ती विचारून आल्यावर भरायची. तुमचं तेवढं दर वर्षी न विचारता भरून ठेवायची. आता तरी घेऊन जा, खण बंद होत नाही."