डाव्या सीटचा पट्टा

बायको होती तेव्हा आमच्या गाडीत एकच भांडण चालायचं, पट्ट्याचं. फौजेत मी ट्रक हाकला, तिथनं आल्यावर वडापची, गावोगाव शिटा भरून न्यायची, जीप केली, अन् हातपाय थकल्यावर घरापुरती एक लहान गाडी घेतली. त्या गाडीची खोड अशी, की डाव्या सीटवर माणूस बसलं अन् पट्टा लावला नाही, की टिंग टिंग वाजायला लागायचं. बायको पट्टा लावत नव्हती. एकदा पट्ट्यात अडकून तिच्या गळ्यातलं तुटलं होतं, काळे मणी सीटखाली सांडले होते, तेव्हापासनं तिनं धसका घेतला होता. मी लाव म्हटलं की म्हणायची, "वाजू द्या. त्येचं त्ये काम करतंय, तुमी तुमचं करा." कोरेगावाकडनं साताऱ्यापर्यंत ते वाजायचं अन् ती मान वळवून बाहेर बघत बसायची. मला त्या आवाजाचा लय राग यायचा.

ती आषाढात गेली. अस्थी माहुलीला सोडल्या, कृष्णेत. पाणी तांबडं होतं अन् चढत होतं. मी फडक्याची गाठ सोडत होतो तेवढ्यात पाण्यानं माझ्या हातातनं ओढूनच घेतलं. सोडलं असं मला म्हणता येत नाही.

पुढं श्रावणात त्याच कृष्णेला खाली सांगलीत पूर आला. घरात टीव्हीवर दिवसभर तेच. दुकानांच्या पाट्यांपर्यंत पाणी, होड्या गल्लीतनं फिरत होत्या. पोरगा अन् सून हळहळत होते. मी बघत होतो अन् माझ्या डोक्यात एकच, की ती आता तिथवर पोचली असंल. कुणाच्या घरात गेली असंल, कुणाच्या दुकानात. हे मी कुणाला बोललो नाही. म्हातारा बिघडला म्हणाले असते.

गाडी मी विकली. डावी सीट रिकामी ठेवून चालवली की ती गाडी गप चालायची. तेवढी गप गाडी मला चालवता येईना.

मधे बरीच वर्षं गेली. आता नातीचं. पोराची पोरगी, सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. लहान होती तेव्हा मागच्या सीटवर बसून आमची भांडणं ऐकायची अन् आजीच्या बाजूनं बोलायची. आजी तिला एकच सांगायची, कुणाच्या मागं बसून फिरू नकोस, गाडी शिक. पोरगी नुसती शिकली नाही, तिला गाडीचं येडच लागलं. कॉलेजातली पोरं मिळून शर्यतीची गाडी बनवतात, त्यात ही एकटी मुलगी. मग तिला स्वतःची पायजे झाली. साधी नको, पळणारी, दोन दारांची, बुडाला रस्ता घासंल अशी. नवी घ्यायची आमच्या सात पिढ्यांची ऐपत नाही. पण जुनी, दोन-तीन हातांतनं गेलेली, तिच्या आवाक्यात येत होती. शिकवण्या घेऊन साठवलेलं होतं, अन् आजीच्या पाटल्या होत्या. मरायच्या आधी त्या पाटल्या तिनं नातीच्या हातात दिल्या होत्या अन् म्हणाली होती, लग्नात घालायला देत नाय, तुला हौस असंल त्यात घाल.

म्हणून पोरानं मला बरोबर धाडलं. आईचं सोनं आहे, म्हणाला, नीट बघून घ्या, पुन्हा व्हायचं नाही.

दोन गाड्या ठरल्या होत्या. पहिली साताऱ्यात, एमआयडीसीच्या मागं, एका रिटायर सुभेदाराची. मुलगा परदेशी गेला अन् गाडी ह्याच्या गळ्यात पडली. राखाडी रंगाची, टपावरचा रंग उडालेला, एका दारावर ओरखडा. सुभेदार फौजी माणूस, त्यानं सगळे दोष आधीच सांगून टाकले. नातीनं चक्कर मारली अन् परत आली तेव्हा तिचं तोंड पडलं होतं. गाडी ठीक होती, पण जीव नव्हता म्हणाली. "आबा, ही आपल्यासारखी हाय," असं मला हळूच म्हणाली. मी म्हटलं, मंग वाईट काय त्यात. ती हसली, पण मन सांगलीच्या गाडीवर होतं ते मला कळत होतं.

दुसरी गाडी सांगलीत, एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन पोळत होतं, अन् आत गेलो तर दिवस मावळल्यागत अंधार. पोत्यांच्या थप्प्या पार पत्र्यापर्यंत. त्यांच्या मधल्या बोळात ती उभी होती. लाल गाडी, पण लाल कुठं दिसत नव्हतं. हळदीची धूळ बसून सगळं अंग पिवळं झालं होतं. सवाष्ण बाई गेली की तिला शेवटची हळद लावतात. बायकोला लावलेली मी बघितली होती. मला बोळाच्या तोंडाशीच थांबावं वाटलं.

व्यापारी चांगला बोलणारा होता. नातीला ताई ताई करत होता. आमच्याकडं जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न एकच असतो, तो मी विचारला, पुरातली न्हाई ना? तो म्हणाला, "आवं आबा, नंबर बघा की, पुण्याचा हाय. पूर गेल्यावर आणली मी." नंबर पुण्याचाच होता. नातीनं बॉनेट उघडून बॅटरीचा दिवा लावून बघितलं. इंजिन सगळं पुसून चकचकीत केलेलं. वास घ्यावा तर हळदीशिवाय दुसरा वासच नव्हता.

मी डावं दार उघडलं. आत समोरच्या काचेखाली, गिअरवर, उजव्या सीटवर, सगळीकडं पिवळी धूळ होती. डाव्या सीटवर नव्हती. हात लावला तर सीट गार. एवढ्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली उभी गाडी, अन् विहिरीच्या आतल्या दगडागत गार लागली.

मी पट्टा लावून तिथं बसलो, नात चालवायला बसली. गोदामातनं बाहेर काढल्यावर तिनं जरा पाय दाबला अन् गाडी अशी निघाली की माझी टोपी मागं गेली. पोरगी हसत सुटली. आजीच्या माघारी तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं. परत आल्यावर म्हणाली, आबा, आता तुमी एकटे फिरवून आणा, क्लच कसा वाटतो सांगा, मी तोवर कागद बघते.

मी एकटाच निघालो. मार्केट यार्डाचा रस्ता सुटला नाही तोवर वाजायला लागलं. टिंग. टिंग. टिंग.

माझा पट्टा लावलेला होता. दोन्ही दारं बंद. डावी सीट रिकामी. तोच आवाज, आमच्या गाडीचा होता तसा, घाई न करता वाजणारा. माझ्या तोंडातनं सवयीनं गेलं, "लाव की गं."

आवाज थांबला.

मी फौजेत बर्फात रात्री गाडी चालवलेली आहे, एका बाजूला दरी ठेवून. तेव्हाही मी एवढी हळू गाडी हाकली नव्हती. रस्त्यावर माणसं, रिक्षा, उसाचा रस काढणारा, सगळं होतं तिथंच होतं. मी डावीकडं बघितलं नाही. बघितलं अन् कुणी नसलं तर, अशी भीती वाटली. असण्याची भीती नव्हती.

जरा पुढं गेलो अन् पुन्हा सुरू झालं.

मी गाडी नदीकडं घेतली. का घेतली सांगता येणार नाही. काठाला एका लिंबाखाली थांबवली, इंजिन चालू ठेवलं. खाली कृष्णा उन्हाळ्यातली, बारीक, मधे वाळू उघडी पडलेली. आवाज चालूच. मी तिच्याशी बोललो. काय बोललो ते सगळं सांगत नाही. पाटल्यांचं सांगितलं, नात कशी चालवते ते सांगितलं. मग म्हटलं, बास आता, मीच लावतो, अन् आडवा वाकून तिच्या बाजूचा पट्टा ओढला.

बायको अंगानं भरलेली होती. कवा तिनं ऐकलंच तर मी पट्टा लांब ओढून द्यायचो. हातानं सवय सोडली नव्हती. रिकाम्या सीटसाठी एवढा पट्टा लागत नाही, पण मी ओढत गेलो, पार संपेपर्यंत.

वरचा पट्टा काळा, स्वच्छ होता. शेवटचा हातभर, जो कायम आत गुंडाळलेला राहतो, तो तांबडा होता. मातीचा गाळ दोऱ्या-दोऱ्यात जाऊन बसलेला. नख घासलं तर बारीक पूड निघाली. बोटाला लावून वास घेतला. आता हळद नव्हती. माहुलीला माझ्या हातातनं ओढून नेलं त्या पाण्याचा वास होता.

गाडी पुरातली होती. नंबर कुठलाही असो, पूर आला तेव्हा ती इथंच सांगलीत कुठंतरी पाण्याखाली उभी होती.

मला राग आला पायजे होता. मला तर बरं वाटलं. मी बसलो होतो अन् पट्टा हातात होता अन् मला वाटत होतं, सापडली. इतक्या वर्षांनी सापडली, एका हळदीच्या गोदामात. आता हिला घरी न्यायची, दारात उभी करायची अन् संध्याकाळी नुसतं जाऊन शेजारी बसायचं. नातीला ही गाडी आवडलेलीच होती. मी गप बसलो असतो तरी चाललं असतं. पट्टा सोडला की सरसर आत जाणार, कुणाला दिसणार नाही.

पण पाण्यात बुडालेल्या गाडीच्या तारा आतनं कुजत जातात. हमरस्त्यावर भर वेगात कवा काय बंद पडंल सांगता येत नाही. ब्रेकसुद्धा दगा देतो. अन् माझी नात ही गाडी दारात उभी करायला घेत नव्हती, पळवायला घेत होती.

परत गोदामात आलो तर नात पोत्यावर बसली होती, तोंड उजळलेलं.

"आबा, हीच घ्यायची."

मी खाली उतरलो नाही. तिला म्हटलं, इकडं ये अन् हा पट्टा ओढ. पार शेवटपर्यंत ओढ. तिनं ओढला. तांबडा भाग बाहेर आला तशी ती बघत राहिली. व्यापारीही वाकला. त्याचं तोंड उतरलं, अन् मला वाटतं ते खरंच उतरलं होतं. त्यालाही कुणीतरी पुण्याची म्हणूनच विकली होती. तो पोत्याला टेकून नुसता उभा राहिला.

गाडी चालूच होती. वाजायला लागलं, टिंग टिंग. नात रिकाम्या सीटकडं बघायला लागली. तिचे डोळे भरले. मागच्या सीटवर बसून लहानपणी तिनं तोच आवाज ऐकलेला.

"आबा, हे…"

"पाणी गेलंय तारंत."

"नुसतं पाणी?"

तिच्या हातातनं पट्टा सुटला, सरसर आत गेला. तिनं विचारलं, "तुमाला घ्यायची हाय न्हवं ही?"

"मला पायजे," मी म्हटलं. "पर चालवायची तुला हाय. तुझ्या आजीनं पाटल्या तुला बुडवायला दिल्या न्हाईत."

मी किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं. आवाज बंद झाला. किल्ली व्यापाऱ्याच्या हातात दिली. त्यानं गाडी होती त्या जागी ढकलायला माणसं बोलावली, बॉनेट उघडलं अन् बॅटरी उगाच उतरायला नको म्हणून तिची तार काढून ठेवली. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तार काढली, बाजूला वळवून ठेवली, बॉनेट खाली आलं.

आम्ही बोळातनं दाराकडं निघालो. उन्हाच्या उंबऱ्यापाशी पोचलो अन् मागं एकदा वाजलं. एकदाच. टिंग.

नात थांबली. माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही, मागंही बघितलं नाही. तिचा हात धरला अन् रस्त्यावर आलो. एसटी स्टँडवर चहा घेतला.

आठवडा गेल्यावर साताऱ्याची राखाडी गाडी घेतली. सुभेदारानं स्वतः धुऊन ठेवली होती अन् पुढं नारळ फोडला. नात चालवायला बसली. मी डावीकडं. गाडी एवढी खाली की बसायचं म्हणजे जात्यावर दळायला बसल्यागत झालं. साऱ्या जन्मात डाव्या सीटवरनं मी त्या रस्त्याला गेलो नव्हतो, कायम उजवीकडंच. बायको कायम बाहेर काय बघत होती ते आता दिसलं. डावीकडची घरं, दारात बसलेल्या बायका, उसाचे फड, मधेच एखाद्या विहिरीवरचं निळं इंजिन. मला फक्त समोरचा रस्ता माहीत होता.

नात म्हणाली, "आबा, पट्टा."

लावतो म्हटलं अन् लावला नाही. मी वाट बघत होतो. सातारा सुटला, गाडीनं वेग घेतला, काही वाजलं नाही. ह्या गाडीला डावीकडं वाजायचं यंत्रच नाही, हे सुभेदारानं आधीच सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. तरी बघितली वाट. माहुलीचा पूल आला. नातीनं गाडी हळू केली, मी न सांगता. खाली कृष्णा गप होती. गाडीत इंजिनशिवाय आवाज नव्हता. पूल संपला.

मग मी पट्टा ओढला. शेवटपर्यंत ओढला अन् उजेडात धरून बघितला. कोरडा होता, जिथनं तिथनं काळा. लावला.