एका शून्याला एक छडी

"हात समोर कर," सर म्हणाले.

मी केला.

"शून्यं किती?"

"सहा."

"मोठ्यानं."

"सहा, सर."

"एका शून्याला एक छडी. आणि तू ये इकडं, फळ्यावर खुणा मार. बाकीच्यायनं वह्या काढा. ताळ्याच्या खुणा शिकून राह्यलो आज आपण."

खुणा मारायला त्यांनी बोलावलं ते संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतणीला. तिने खडू घेतला. पहिली छडी बसली, तिने उभी रेघ मारली. दुसरी बसली, दुसरी रेघ. चार छड्या, चार रेघा. माझा तळहात आधीच सोललेला होता. सहा दिवस मी विळ्याने सोयाबीन सोंगलं होतं. वाळल्या शेंगांची टोकं कातडीत घुसतात, तिथं पिकतं. छडी बरोबर त्यावर पडत होती.

पाचवी बसल्यावर तिने मागे वळून विचारलं, "सर, आता तिरपी मारू ना?"

"शाबास. पाचवी तिरपी."

वर्ग हसला. ज्यांच्याशी मी डबा वाटून खायची त्या पोरीही हसल्या. सहावी छडी बसली तेव्हा हातातून पाणी आणि रक्त सोबतच निघालं. ते मी फ्रॉकला पुसलं. शाळेत छडीला कायद्याने बंदी आहे हे मला फार उशिरा कळलं. आमच्या शाळेत छडी नकाशांच्या मागे ठेवलेली असायची, आणि सगळ्यांना माहीत होती.

मी नववीत होते. गणित आणि खेळ, दोन्ही हेच सर घ्यायचे. सांख्यिकी मला त्यांनीच शिकवली, हे मी नाकारणार नाही. पुस्तकातली आंब्याच्या पेट्यांची उदाहरणं त्यांनी बाजूला ठेवली. म्हणाले, आपल्या मुलींच्या कबड्डीचे दहा सराव सामने होतील, प्रत्येकीचे गुण तक्त्यात लिहू, त्यावरून मध्य काढू, मध्यक काढू, आणि वरच्या सात जणी यवतमाळला जिल्ह्याच्या सामन्यांना जातील. "मी निवडणार नाही, आकडे निवडतील."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी वेडी झाले. बंजारा तांड्यावरच्या पोरीला कोणी निवडत नाही. पण आकडा निवडणार असेल तर तो कोणाच्या घरचा पाहुणा नाही, असं मला वाटलं. मी चढाईला जायची तेव्हा दम धरून एकेकीच्या घोट्याकडे बघायची. तीन जणी अंगावर पडल्या तरी मधली रेघ गाठायची. कोपर फुटायचं, दात ओठात घुसायचा. रक्त थुंकून मी परत चढाईला जायची. पहिल्या चार सामन्यांत माझे गुण होते नऊ, सहा, सात, आठ.

मग सोंगणी लागली.

अध्यक्षांचा माणूस सकाळीच तांड्यावर आला. याडीला, म्हणजे माझ्या आईला, म्हणाला, "शेंगा तडकून राह्यल्या. पोरीले बी आण. नाही आणली तं उद्यापासून तू बी येऊ नको." याडीने माझ्याकडे पाहिलं. मी दप्तर खाली ठेवलं आणि विळा घेतला. सहा दिवस. त्याच सहा दिवसांत सरांनी उरलेले सहा सामने उरकले.

मी परत आले तेव्हा तक्त्यात माझ्या नावापुढे सहा शून्यं होती. तीस भागिले दहा. सरासरी तीन. सगळ्यात खाली माझं नाव.

छड्या मारून झाल्यावर सरांनी वर्गाला समजावून सांगितलं, "हे बघा. तांड्यावरची पोरं दिसतात चपळ, पण टिकत नाहीत. चार दिवस उड्या मारतात अन् गायब. रक्तातच फिरणं हाये त्यायच्या. मी म्हणून नाही राह्यलो, आकडे म्हणून राह्यले. लिहून घ्या."

आणि वर्गाने लिहून घेतलं. माझी जात निरीक्षण म्हणून चाळीस वह्यांत गेली. मीही लिहून घेतलं. हे सांगायला आजही लाज वाटते. सुजलेल्या हाताने, वाकड्या अक्षरात, मी माझ्याच लोकांविरुद्ध लिहून घेतलं.

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात लावलेल्या तक्त्यासमोर उभी राहिले. आपलं खालचं नाव परत परत बघायची एक घाण सवय मार खाल्लेल्या माणसाला असते. बघता बघता नजर वर गेली. अध्यक्षांच्या पुतणीच्या नावापुढे आठ आकडे होते आणि दोन आडव्या रेघा. ती घरच्या लग्नाला नागपूरला गेली होती. त्या दोन सामन्यांपुढे शून्य नव्हतं. रेघ होती. बेरीज छत्तीस. आणि भागलं होतं आठने. सरासरी साडेचार. सातवा क्रमांक. यवतमाळ.

मी तिथेच थांबले. घंटा झाली तरी थांबले. तिच्या न येण्याला रेघ, माझ्या न येण्याला शून्य. तिचा भागाकार आठने, माझा दहाने. एकाच तक्त्यात, एकाच शाईत, एकाच हाताने.

मग माझा भागाकार मी डाव्या तळहातावर केला. तीस भागिले चार. साडेसात. पूर्ण शाळेत कोणाचीच सरासरी साडेसात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर गणिताच्या तासाला सात नावं वाचायला उभे राहिले. तिसऱ्या नावाला मी उठले, फळ्याजवळ गेले, खडू घेतला आणि लिहिलं. तीस भागिले चार बरोबर साडेसात.

"काय चालवलं हे?"

"सर, मी जे सामने खेळलीच नाही ते माह्या सरासरीत काहून मोजले?"

"गैरहजर म्हणजे शून्य."

"मंग हिचे दोन काहून नाही मोजले? हिच्या पुढं रेघ हाये."

पुतणीने मान खाली घातली.

"तिच्या घरी लग्न होतं," सर म्हणाले. "तिले कारण होतं."

"माले बी होतं. मी हिच्या काकाच्या वावरात सोयाबीन सोंगत होती."

थप्पड कुठून आली ते दिसलं नाही. डोकं फळ्याच्या कडेवर आदळलं. कानात शिट्टी वाजत राहिली. जीभ चावली गेली होती, तोंड खारट झालं.

"पूस ते."

मी पुसलं नाही.

"लमाणाची औलाद. पूस म्हणतो ना."

मी पुसलं नाही. मग त्यांनी माझी वेणी हाताला गुंडाळली, तोंड फळ्यावर दाबलं आणि माझ्या गालाने ते आकडे पुसायला लागले. नाकात खडू गेला. डोळ्यात गेला. साडेसातातला सात पुसला गेला. मला त्यांचे दात पाडायचे होते, हे मी लपवत नाही. विळा असता हातात तर काय केलं असतं, तेही सांगू शकत नाही.

मी त्यांचं मनगट धरलं. कबड्डीत घोटा धरतात तसं, दोन्ही हातांनी, अंगाचं सगळं वजन टाकून.

"सोड."

"नाही."

"सोड म्हणतो."

"आधी तुम्ही केस सोडा."

छडीच्या जखमा उघडल्या. त्यांच्या पांढऱ्या बाहीवर माझं रक्त लागलं. त्यांनी दुसऱ्या हाताने पाठीत दोन गुद्दे घातले. मी पकड ढिली केली नाही. मनगटाचं हाड बोटांखाली कळत होतं. चाळीस पोरं बघत होती आणि कोणी हसत नव्हतं. शेवटी त्यांनी केस सोडले. मग मी मनगट सोडलं. याच क्रमाने.

दुपारी ऑफिसात याडीला बोलावलं. ती थेट वावरातून आली, पदराला शेंगांचा कचरा तसाच. हेडमास्तरांच्या टेबलावर माफीनामा लिहून तयार होता. याडीला वाचता येत नाही. तिने विचारलं, "गुरुजी, काय लिवलं याच्यात?"

"तुह्या पोरीनं मास्तरवर हात टाकला, ते लिवलं. तिनं सही करावी, तू अंगठा दे. नाही तं शाळा बंद, अन् अध्यक्षसाहेबाच्या वावरातलं काम बी बंद."

याडी खाली वाकली. सरांच्या बुटाला हात लावला. "लेकरू हाये, माफ करा," म्हणाली. तेव्हा मला सरांपेक्षा तिचा जास्त राग आला. आज येत नाही. तिला वाकायला कोणी शिकवलं ते आता कळतं. पण तेव्हा मी तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाले, "त्यायनं माह्यं तोंड फळ्यावर घासलं, ते यात लिवलं नाही, याडी. अंगठा देऊ नको."

तिने माझ्या गालावरचा खडू बघितला. मग अंगठा मुठीत घेतला.

"नाही देत," ती म्हणाली.

सात जणी यवतमाळला गेल्या. मी त्यात नव्हते. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला. याडीचं काम गेलं. नववीचं उरलेलं वर्ष आणि दहावी मी पुसदला केली, रोज एसटीने. त्यानंतर कबड्डी खेळले नाही. ते मैदान माझ्याकडून हिसकावलं गेलं आणि त्याची भरपाई कशानेही झालेली नाही. कोणी मला म्हटलं की जे झालं ते चांगल्यासाठी झालं, तर मी त्याच्या तोंडावर सांगते, खोटं बोलू नको.

आज मी पत्रकं लिहिते, वाटते, तांड्यांवर बैठका घेते. सर अजून त्याच शाळेत आहेत. सोंगणी आली की सराव सामने अजून त्याच दिवसांत लागतात. मागच्या वर्षी दोन पोरींची नावं अशीच खाली गेली. एकीने शाळा सोडली.

म्हणून हे लेखी देते, माझ्या अक्षरात. यंदा सोंगणीत आमच्या तांड्यावरची एकही शाळकरी पोर अध्यक्षांच्या वावरात पाय ठेवणार नाही. बाया ठरवून बसल्या आहेत. एकीचं काम तोडलं तर सगळ्या विळे खाली ठेवतील, शेंगा वावरातच तडकू देतील. सामन्यांच्या दहाही दिवशी मी स्वतःची वही घेऊन मैदानाच्या कडेला बसेन आणि प्रत्येक पोरीचा प्रत्येक गुण लिहीन. मला उठवायला सर येतील. त्यांनी यावंच. या वेळी त्यांनी हात टाकला तर मनगट धरून थांबणार नाही, तसंच धरून त्यांना पोलीस ठाण्यात घेऊन जाईन.