नॉर्वेचं आडनाव

आमचे थोरले साडू उद्या हिमालयात तपाला बसले, तर शेजारच्या गुहेतल्या साधूचा मामा केजचा निघेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माणूस दिसला की ते दोन गोष्टी विचारतात, आडनाव काय आणि गाव कोणतं. मग आजोळ, आत्याचं सासर, असं करत करत ते समोरच्याला कुठेतरी गाठतातच, आणि गाठला की खांद्यावर हात टाकून म्हणतात, "मंग तुमी आमचेच की." तेलगावला त्यांचा ऊस आहे, पण मन लावून ते पीक काढतात ते नात्यांचं. एकदा दातांच्या डॉक्टरने तोंडात यंत्र घातलेलं असतानाही त्यांनी भिंतीवरच्या पदवीकडे बोट दाखवून डॉक्टरच्या आडनावाची चौकशी केली. घरात रेंज येत नाही म्हणून मोबाइल कंपनीला फोन लावला, तर तिथल्या मुलीला आजोळ विचारलं. ती बिचारी गोंधळली आणि तिने फोन साहेबाकडे दिला. साहेब केजजवळच्या युसूफ वडगाव या गावचा जावई निघाला. रेंज आजही येत नाही, पण तो साहेब दिवाळीला न चुकता शुभेच्छा देतो.

लग्नाकार्यात तर त्यांच्यावाचून पान हलत नाही. कुणाला टोपी-उपरणं द्यायचं राहून गेलं आणि पाहुणा रुसून मांडवाबाहेर जीपमध्ये जाऊन बसला, की साडूंना पाठवतात. ते जीपमध्ये त्याच्या शेजारी बसतात, काय बोलतात देव जाणे, आणि थोड्या वेळाने दोघं हसत पंगतीला येतात. मानपानातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं तालुक्यात कुणाला कळत नाही, असं मी आमच्या प्राचार्यांना एकदा सांगून बसलो, आणि तिथेच घोटाळा झाला.

मी धारूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. आमच्याकडे यंदा दोन दिवसांची अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघ परिषद भरली. म्हणजे जिल्ह्यातली मुलं एकेका देशाची पाटी समोर ठेवून बसतात आणि जगाचे प्रश्न सोडवतात. पुण्याहून आलेल्या नियमांत एक असा होता की कुणाचा अपमान झाल्यास तक्रार ऐकायला एक सन्मान अधिकारी नेमावा, आणि तो कॉलेजबाहेरचा असावा. प्राचार्य म्हणाले, तुमचे साडू. मला दुसरं कुणी सुचेना. साडू कडक इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले आणि छातीवर बिल्ला लावून घेतला.

दुसरा नियम त्यांना मी तीनदा समजावला. या सभागृहात कुणालाही नाव, आडनाव, गाव नाही, एकमेकांना फक्त देशाच्या नावाने हाक मारायची. ते बराच वेळ पाट्यांच्या रांगेकडे बघत राहिले.

"सर, आडनाव न्हाई, गाव न्हाई, मंग मानसाला धरायचं कुठून?"

धरायचं नसतंच, असं मी म्हणालो खरा, पण ते मलाही नीट पटलेलं नव्हतं. मान द्यायचा तर तो कुणाला देतोय हे कळायला नको का, हा त्यांचा मुद्दा. कुणाला देतोय हे न बघता देणं म्हणजेच मान, असं पुण्याच्या नियमांचं म्हणणं. मी दोन्हींच्या मध्ये उभा होतो आणि तेवढ्यात चहा आला.

चहाच्या वेळी साडूंनी कामाला सुरुवात केली. ब्राझील त्यांच्या चुलत मेव्हणीचा पुतण्या निघाला आणि त्याला शंकरपाळ्या जास्त मिळाल्या. नेपाळचे वडील आणि ते एकाच साखर कारखान्याच्या सभेला जात. मग ते नॉर्वेकडे वळले. नॉर्वे म्हणजे एक सडपातळ, गंभीर मुलगी. ती कुठून आली होती ते मी इथेही सांगणार नाही. नद्यांच्या पाण्याच्या वाटपाचा ठराव तिने स्वतः लिहिला होता आणि दुपारी तो तिला मांडायचा होता.

साडूंनी आडनाव विचारलं. ती म्हणाली, नॉर्वे. साडू कौतुकाने हसले, ते झालं, पण खरं काय? ती पुन्हा म्हणाली, नॉर्वे. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने कप खाली ठेवला आणि ती थेट माझ्याकडे आली. तिला घरी जायचं होतं. ठरावाचं काय, असं मी विचारलं, तर तो दुसऱ्या कुणाला द्या म्हणाली.

"आडनाव सांगितलं की समोरचा नुसता 'बरं' म्हनतो, सर. त्यो 'बरं' मला आयकायचा न्हाई. हितं दोन दिवस कुनी इचारनार न्हाई म्हनून आलते."

आमच्या जिल्ह्यात आडनावावरून जात कळते, हे सांगायला राज्यशास्त्र लागत नाही. साडूंचा तो 'बरं' मीही अनेकदा ऐकला आहे. नातं निघालं तर ते खांद्यावर हात टाकतात. निघत नाही असं दिसलं की "बरं, बरं" म्हणून पाऊसपाण्याच्या गप्पांकडे वळतात. त्यांच्या मनात काही वाईट नसतं, हे मी शपथेवर सांगेन, आणि त्याने त्या मुलीला काय फरक पडतो हे मला सांगता येणार नाही.

तक्रार ऐकायची सन्मान अधिकाऱ्याने, म्हणून मी ती घेऊन साडूंकडेच गेलो. ते तावातावाने उठले. कुणी छळलं पोरीला, कोणाचं पोरगं आहे ते, त्याच्या बापाला मी ओळखत असणार. मी म्हणालो, तुम्ही. ते खाली बसले. "मी तर नातं लावाया गेलतो," एवढंच म्हणाले. मग मी त्यांना ती काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली, आणि दया नक्की कुणाची यायला हवी हेही कळेना.

ती बाहेर पायऱ्यांवर पिशवी घेऊन बसली होती. साडू गेले, पण शेजारी बसले नाहीत. बिल्ला काढून खिशात टाकला आणि दोन पायऱ्या खाली उभे राहिले. कॉलेजातल्या पोरांना ते कधी अहो-जाहो करत नाहीत.

"नॉर्वे, माझं चुकलं. तुमी आत चला. तुमच्यावाचून पान्याचं अडलंय."

ती लगेच उठली नाही. त्यांनीही घाई केली नाही, उन्हात तसेच उभे राहिले. शेवटी ती आत गेली, आणि तिने ठराव असा मांडला की ब्राझीलनेही पाठिंबा दिला. साडू मागच्या दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यातलं त्यांना कितपत कळलं, मी विचारलं नाही.

परवा तेलगावला गेलो, तर त्यांच्या शेजारच्या रिकाम्या घरात नवीन कुटुंब आलेलं. साडू शेवग्याच्या शेंगा घेऊन त्यांच्या फाटकाशी घुटमळत होते. चाळीस वर्षं बोलण्यात घातलेला हा माणूस, आणि सुरुवात कशी करावी ते त्याला सुचत नव्हतं. मला वाईट वाटलं. शेवटी आतून कुणीतरी बोलावलं म्हणून गेले, आणि परतले ते चांगल्या तासाभराने. त्यांची पोरगी दहावीला आहे, तिला गणित जड जातंय, आजीचा गुडघा दुखतो, असं बरंच काही सांगत बसले.

"पण कोण आहेत ते?" मी विचारलं.

साडूंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग चाचरत म्हणाले, "शेजारी."