पाचव्या खान्यातलं पुस्तक

तुम्ही घरातलेच, म्हणून सांगते. माझ्या हातून आजवर चुका काय कमी झाल्या? एकदा पाहुण्यांच्या चहात मीठ घातलं. एकदा तर भलत्याच मांडवात शिरून आहेर केला, पोटभर जेवले आणि नवरीला आशीर्वाद देताना कळलं की आपलं लग्न पलीकडच्या हॉलमध्ये आहे! पण त्या चुका माझ्या माझ्यापाशी राहिल्या हो. ही एक चूक मात्र मी स्वतः फोटो काढून, खाली दोन ओळी लिहून, सगळ्या गावाला दाखवली.

त्याचं असं झालं. माझी लेक प्राजू पुण्यात नोकरीला. आम्ही दोघं इकडं उमरग्यात. आमचे हे दिवसभर बी-बियाणाच्या दुकानात आणि मी घरात एकटी. म्हणून प्राजूनं मला मोबाईलवरच्या एका वाचन गटात घातलं. गटात महाराष्ट्रभरच्या बायका. आणि दर महिन्याला एक आव्हान!

त्या महिन्याचं आव्हान होतं अद्भुत पुस्तकांचं. सहा खाने दिले होते. एक पुस्तक चेटकिणीचं, एक शापाचं, एक उडणाऱ्या वाहनाचं, एक बोलक्या जनावराचं, पाचवं अशक्य पराक्रम करणाऱ्या वीराचं आणि सहावं आपल्या आवडीचं. वाचायला बसायच्या आधी यादी टाकायची. कुठल्या खान्यात कुठलं पुस्तक आणि ते का निवडलं, हे दोन ओळींत लिहायचं.

आता यादी म्हटलं की माझ्या अंगात दहा जणींचं बळ येतं. मी नवी वही काढली, पट्टीनं समास आखला, तांबड्या पेनानं खाने पाडले. खाने झाले झकास. पण पुस्तकं?

दोन वाचनालयातून मिळाली. एक शेजारच्या मंदाताईंनी दिलं. दोन प्राजूची लहानपणची निघाली. राहिला पाचवा खाना. वीर काही केल्या सापडेना.

हे जेवायला आले तेव्हा मी विचारलं, “अहो, अशक्य पराक्रम करणारा कुणी माहीत आहे का तुम्हाला?”

“म्या हाय की. तुझ्यासंगं सव्वीस वर्षं काढली!”

यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

त्यातच घरात प्राजूच्या लग्नाची गडबड. मुलगा तिनंच पसंत केलेला, रोहित. परंड्याकडचं घराणं, माणसं चांगली. रोहितचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, निवृत्त हेडमास्तर. सगळं जमलं होतं. फक्त येत्या रविवारी त्यांनी आमच्याकडं यायचं आणि तारीख धरायची, एवढंच बाकी. प्राजूनं मला बजावून ठेवलं होतं, “आई, अण्णा फार मानी आहेत हं. एका लग्नात फेटा बांधायचा राहिला, तर जेवणाच्या ताटावरून उठून आले होते.”

मी म्हटलं, “अगं, मी काय वेडी आहे का त्यांचा अपमान करायला?”

ऐकताय ना?

तर गुरुवारी कपाटावरची धूळ झटकताना एक पुस्तक हाताला लागलं. जाडजूड. त्याला मीच जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं. मला शाळेपासूनची सवय आहे. पुस्तक घरात आलं की आधी कव्हर, मग बाकीचं. तेही असं तसं नाही, कणकेची खळ लावून, घट्ट! एरवी मी वर लेबल चिकटवून नाव घालते, पण लेबलं संपली असणार, राहून गेलं. आणि खळ जरा जास्तच झालेली, त्यामुळं पहिली दोन पानंसुद्धा कव्हरला चिकटून बसलेली. म्हणून सरळ मधूनच उघडलं.

आणि काय सांगू! पुस्तकातला तो ‘मी’ नऊ वर्षांचा असताना म्हशीचं शेपूट धरून पुरातून नदी पार करतो, आणि पाठीवर वर्गातली चार पोरं! शाळेतून येताना मागं लांडगा लागतो, तर हा पळत नाही. तिथंच उभा राहून लांडग्याला पावकी-निमकीचे पाढे म्हणून दाखवतो. लांडगा पावकीला थबकतो आणि निमकीला परत फिरतो! पुढं सायकलीची दोन्ही चाकं पंक्चर होतात, तर त्यात कडबा कोंबून हा तालुक्याला पोचतो. याचा बैल रोज शाळेच्या खिडकीशी येऊन उभा राहतो आणि दोन अधिक दोन म्हटलं की चार वेळा मान हलवतो. एका पैजेत तर हा बेचाळीस भाकरी खातो. बेचाळीस! वर ठेचा.

मी हसून हसून लोळले हो. चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं वरण करपलं, तरी मला पत्ता नाही. वीर मिळाला होता!

तीसेक पानं वाचून मी यादी पुरी केली. पाचव्या खान्यात लिहिलं, “लेखकाचं नाव कव्हरमुळं कळलं नाही, पण त्यांना साष्टांग नमस्कार. इतकी सफाईदार थाप मी जन्मात वाचली नाही. लांडग्याला पाढे शिकवतात, पण चेहऱ्यावरची रेघ हलत नाही!” सोबत लांडग्याच्या पानाचा फोटो.

गटात धुमाकूळ! नागपूरची बाई विचारते, पुस्तक कुठं मिळेल? रत्नागिरीची विचारते, लेखक कोण? एकीनं तर विचारलं, लांडगा नापास झाला का? जन्मात मला इतकं कौतुक मिळालं नव्हतं. तेव्हा मी काय केलं असेल? तीच नोंद, त्याच फोटोसकट, माझ्या स्टेटसला लावली.

शुक्रवारी सकाळी फोन आला. रोहितच्या आईचा.

“ताई, स्टेटस लावलंय का तुमी?”

“व्हय की! बघितलं का? तो लांडग्याचा भाग वाचून मी तर लई हसले बघा.”

“आमच्या ह्यांनी बी बघितलं.”

“हसले का?”

“न्हाय.” त्यांनी आवाज बारीक केला. “ताई, तो लांडगा ह्यांचा हाय.”

लाटणं टाकून मी कपाटाकडं धावले.

ओल्या फडक्यानं खळ भिजवली आणि हळूहळू कव्हर सोडवलं. आत फेटा बांधलेले अण्णा! वर नाव, ‘खडू, छडी आणि सायकल: एका शिक्षकाचे आत्मचरित्र’. आणि खाली निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, ‘भावी व्याह्यांस सप्रेम भेट’. पहिल्या भेटीत त्यांनी दिलेल्या पिशवीतलं पुस्तक हो, मी न बघताच कव्हर घातलेलं!

हे दुकानातून धावत आले. “पिशवीतली साडी तेवढी बघितलीस! पुस्तक बघाया काय झालं हुतं?”

“तुम्हीच ठेवलंत ना कपाटावर?”

“म्या ठिवलं. त्याचं तोंड कुणी बांधलं?”

तेवढ्यात प्राजूचा फोन. ती रडत होती. “आई, तू माझ्या सासऱ्यांना चेटकिणीच्या रांगेत बसवलंस?”

“अगं नाही गं. चेटकीण पहिल्या खान्यात आहे, ते पाचव्या.”

तिनं फोन ठेवला. माझ्या दोन ओळींपायी पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं तर? मी कुणाला तोंड दाखवू?

मी लगेच स्टेटस पुसलं. अण्णांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मग गटात लिहिलं, “पाचव्या खान्यातलं पुस्तक काल्पनिक नाही. माझी चूक झाली. त्यातलं सगळं खरं घडलेलं आहे. लांडगासुद्धा.”

झालं! बायकांना वाटलं, ही गंमतच पुढं नेतेय. त्या आणखी हसल्या. गट चालवणाऱ्या ताईंनी माझ्या नोंदीला त्या महिन्याची सगळ्यात विनोदी नोंद म्हणून जाहीर केलं, वर फुलांची चौकट काढली, आणि ती चौकट हिंडत फिरत संध्याकाळपर्यंत रोहितच्या मावशीच्या मोबाईलवर जाऊन पोचली. तिनं ती कुणाला दाखवली, हे सांगायला पाहिजे का?

रविवारपर्यंत मी एकच काम केलं. पुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दोनदा. दहावीला एवढं वाचलं असतं तर कलेक्टर झाले असते.

रविवारी जीप दारात थांबली. अण्णा उतरले, पांढरा फेटा, हातात पिशवी. सोफ्यावर ताठ बसले. चहा पुढं केला, हात लावला नाही. त्यांच्यामागून रोहितची आई आणि रोहित. प्राजू स्वयंपाकघराच्या दारात उभी, डोळे सुजलेले. आमचे हे पंख्याकडं बघत होते, जणू तो आजच बसवलाय.

अण्णांनी घसा साफ केला. “विहीणबाई, बैलाचं नाव काय?”

मी आपोआप उभी राहिले. “सरदार.”

“लांडगा कधी फिरला?”

“पावकीला थबकला, निमकीला फिरला.”

“सायकलीत कडबा कसला?”

“मालदांडी ज्वारीचा. पण तो पुढच्या चाकात. मागच्यात वाळलं गवत होतं.”

अण्णांनी चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले.

“पाचशे प्रती छापल्या, विहीणबाई. गावोगाव हातानं वाटल्या. ज्याला भेटावं त्यो म्हणतो, लई छान लिव्हलंय. मी इचारतो, बैलाचं नाव काय? समदे गप! आमच्या रोहितला बी म्हाईत न्हाय.” रोहितनं मान खाली घातली. “तुमी पहिल्याच. पर ती थाप म्हणालात, ते लागलं मला. कुठं वाटली थाप? खरं सांगा.”

आता कुणीही शहाण्या बाईनं ‘कुठंच नाही’ म्हटलं असतं. प्राजू दारातून हातवारे करत होती. पण मास्तरांपुढं खोटं बोलायची माझी लहानपणापासून छाती होत नाही.

“अण्णा,” मी म्हटलं, “त्या बेचाळीस भाकरी...”

आमच्या ह्यांनी डोळेच मिटले.

अण्णा हळूच म्हणाले, “बेचाळीस नव्हत्या. सतरा हुत्या. पर कागदावर सतरा लई बारकं दिसायलं हुतं.”

“सतरा?” रोहितची आई एकदम म्हणाली. “पाच! थापणारी म्या हुते. आन् पाचवी उष्टी टाकली हुती.”

आणि मग अण्णाच हसले! असे हसले की फेटा सैल झाला. मग काय, सगळं घर हसलं. निवलेला चहा त्यांनी तसाच बशीत ओतून प्यायला, आणि घोट संपायच्या आत तारीख धरली.

निघताना त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली. “भाग दुसरा. अजून छापला न्हाय. पहिला वाचक तुमी. आन् कव्हर घालू नका.”

ती माणसं गेल्यावर मी वही उघडली. शेवटचं प्रकरण होतं, ते आमच्याकडं मुलगी बघायला आले त्या दिवसाचं. त्यात लिहिलं होतं, “त्या घरची गृहिणी म्हणजे मूर्तिमंत सरस्वती. एका हातानं पुरणपोळी लाटावी, दुसऱ्या हातानं ग्रंथाचं पान उलटावं. पाच हजार ग्रंथ मुखोद्गत. आम्ही चाळीस माणसं अचानक जाऊन धडकलो, तरी त्या माउलीच्या कपाळावर आठी नाही.”

त्या दिवशी आले होते चौघं, तेही आठ दिवस आधी कळवून. पोळ्या मंदाताईंनी लाटल्या होत्या.

आमचे हे माझ्या खांद्यावरून वाचत होते. हसू दाबत म्हणाले, “व्वा! पाचव्या खान्यात आता हे टाक.”

मी चष्मा पुसला. ते पान पुन्हा एकदा, सावकाश वाचलं. आणि ह्यांना स्पष्ट सांगितलं, “हे आव्हानात चालणार नाही. यात काल्पनिक असं काहीच नाही!”