आबांसाठी घेतलेला कोट

घरातली नको असलेली वस्तू फेकायची नाही, कुणाला फुकट द्यायची नाही, विकायची, हे मी लेस्टरला आल्यावर शिकले आणि जरा जास्तच शिकले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही नुकतंच घर घेतलं होतं, हप्ते भराभर वाढत होते, आणि मी नर्स होते त्या वॉर्डातल्या एका आयरिश सिस्टरनं मला पहिल्यांदा कार बूट सेलला नेलं. शहराबाहेरच्या एका मैदानात रविवारी सकाळी शेकडो गाड्या रांगेनं उभ्या राहतात. जो तो गाडीची डिकी उघडतो, पुढ्यात घडीचं टेबल मांडतो आणि घरातली अडगळ विकायला बसतो. डिकीला इथे बूट म्हणतात, म्हणून ते नाव.

आम्ही स्वतः विकायला गेलो त्या पहिल्या खेपेला मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून गाडीतच बसून राहिले. आमच्या विहारात येणाऱ्यांपैकी कुणी पाहिलं तर काय म्हणतील, ही धास्ती. नवऱ्यानं एकट्यानं आधीच्या घरमालकांचे पडदे आणि एक कुरूप दिवा विकला. पण तो इतक्या पडेल भावात विकत होता की माझ्यानं बघवेना, आणि मी खाली उतरले. त्या दिवसापासून नवरा गाडी चालवायचा आणि मी विकायचे. सामान उतरवण्याआधीच व्यापारी लोक बूटमध्ये हात घालायचे, त्यांच्यावर मी असं काही खेकसायचे की शेजारचा म्हातारा टाळ्या वाजवायचा. बाबागाडी, मेलामाइनचे डिनर सेट, लग्नात आलेली तीन घड्याळं, सगळं गेलं. आणि आपलं विकून झालं की मी दुसऱ्यांच्या टेबलांवरून फेरी मारायचे. तिथे माझं डोकं ठिकाणावर राहायचं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या वर्षी शाळेतून रिटायर झाले आणि सहा महिने आमच्याकडे राहायला यायचं ठरलं. ते ऑक्टोबरात येणार होते. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'दोन स्वेटर आहेत, थंडीची चिंता करू नये.' दोन स्वेटरांनी लेस्टरचा हिवाळा! मी त्यांच्यासाठी कोट बघायला लागले.

आता आबांचं आणि कपड्यांचं सांगायला हवं. आमच्या गावात मोठ्या घरात कुणी मेलं की मढ्याचे कपडे आमच्या वस्तीत यायचे. त्याला गाव आमचा हक्क म्हणायचं. आजोबांचं अर्धं आयुष्य असल्या कपड्यांत गेलं. आम्ही धर्मांतर केलं त्या साली आजोबांनी घरात होते नव्हते तेवढे असे कपडे ओढ्याकाठी नेऊन जाळले. आबा तेव्हा मास्तरकीचं शिकत होते. पुढे कितीतरी महिने त्यांनी एकाच सदऱ्यावर काढले, पण तो सदरा कोरा होता. त्यानंतर आमच्या घरात दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कपडा शिरला नाही. आम्हा बहिणींना वर्षाला एकच फ्रॉक मिळायचा, पण दुकानातला. एकदा शेजारच्या वकिलीणबाईंनी मला त्यांच्या मुलीला आखूड झालेला लेसचा फ्रॉक दिला. आबा रागावले नाहीत. "थँक्यू म्हण आणि परत देऊन ये," एवढंच म्हणाले. मी जाताना रडले आणि येतानाही रडले.

हे सगळं माहीत असलेली मी, सप्टेंबरातल्या एका रविवारी एका म्हाताऱ्या बाईच्या गाडीपाशी थांबले. तिच्या टेबलावर फारसं काही नव्हतं. दाढीचा ब्रश, बुटांचे दोन जोड, थोडी पुस्तकं. आणि गाडीच्या दाराला हँगरवर अडकवलेला गडद राखाडी लोकरी कोट. मी हात लावून पाहिला. असा कोट दुकानात घ्यायचा तर माझ्या पगाराचा चांगलाच लचका तुटला असता.

"माझ्या नवऱ्याचा," ती म्हणाली. "मे महिन्यात गेला तो. दोनच हिवाळे घातलाय."

आबांचा नियम मला तेव्हा आठवला नाही असं म्हणायची सोय नाही. लख्ख आठवला. आणि तरीही मी, रोज वॉर्डात मेलेल्यांच्या घरच्या माणसांशी हळू आवाजात बोलणारी मी, त्या बाईला म्हणाले, "एक बटण सैल आहे, काही कमी करा." तिनं केले. कोट हँगरवरून काढताना तिनं खांद्यावरून हात फिरवला, तेवढ्यातही मी मनात खूश होते, की काय पदरात पाडून घेतलं! इतकी वर्षं झाली, पण त्या बटणाच्या वाक्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात कशाचीच वाटत नाही. आम्ही गरीब नव्हतो. हप्त्यांचं रडगाणं खरं असलं तरी एक कोट आम्हाला जड नव्हता.

मी कोट ड्राय-क्लीन करून आणला. आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात पिशव्यांनी भरलेली एक पिशवी असते, तशी माझ्याकडेही होती. त्यातून एका मोठ्या दुकानाची चकचकीत पिशवी काढली आणि कोट घडी करून तीत ठेवला. आबा आले त्याच संध्याकाळी त्यांना दिला.

"एवढा खर्च कशाला केलास गं?" ते म्हणाले.

"नवाच घ्यायचा तर चांगला घ्यावा, आबा," मी म्हणाले. माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

त्यांनी तो घातला आणि हॉलमधल्या आरशासमोर उभे राहिले. कोट जणू मापानं शिवला होता. ते पुढे-मागे वळून बघत राहिले, मग लाजून हसले. पुढचे चार आठवडे कोट त्यांच्या अंगावरून उतरला नाही. विहारात, लायब्ररीत, बसस्टॉपवर, जो भेटेल त्याला ते सांगायचे, मुलीनं घेतला, नवा कोरा. मी शेजारी उभी राहून ऐकायचे. आधी थोडं टोचायचं, मग तेही थांबलं.

नोव्हेंबरात मैदान हिवाळ्यापुरतं बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी नवऱ्याला ड्युटी होती, गाडी मीच नेणार होते. आबा म्हणाले, "मी येतो. सामान उचलू लागेन." ती बाई तिथे पुन्हा येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिचा माल संपला, ती संपली, असंच मी धरून चालले होते.

आबांना तो बाजार आवडला. त्यांनी टेबलावरच्या वस्तू वर्गातल्या मुलांसारख्या उंचीप्रमाणे लावल्या. एका माणसानं टोस्टर उचलला तर आबा त्याला म्हणाले, "सर, वन साइड इज नॉट वर्किंग." तो माणूस टोस्टर ठेवून निघून गेला आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आबा, कशाला सांगितलंत?"

"सांगून विकावं," ते म्हणाले. "मग घेणाऱ्याची मर्जी."

दहाच्या सुमाराला एक बाई आमच्या टेबलासमोर उभी राहिली. ती वस्तूंकडे बघत नव्हती, आबांकडे बघत होती. मी तिला ओळखलं आणि वाकून खोक्यात उगाच काहीतरी शोधू लागले. तिनं टेबलावरून हात लांबवून आबांच्या बाहीवर ठेवला.

"हा माझ्या नवऱ्याचा कोट," ती म्हणाली. "मी केव्हाही ओळखेन. आतल्या खिशाला मी हिरव्या दोऱ्यानं टाके घातलेत, बघा." मग माझ्याकडे वळून हसली. "तुम्हीच नेलात ना? मी सांगितलं होतं ना तुम्हाला, तो गेला म्हणून, दोनच हिवाळे वापरलाय म्हणून?"

आबांना इंग्रजी चांगलं कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी पुटपुटले, काय ते मलाही आठवत नाही.

मला वाटलं, ते कोट तिथेच काढून टाकतील. ते खुर्चीतून उठले, डोक्यावरची टोपी काढली आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी बोलावं तशा इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आय ॲम व्हेरी सॉरी फॉर युवर हजबंड. इट इज अ व्हेरी वॉर्म कोट."

"तुम्हाला शोभतो हो, लव्ह," ती इथल्या बायका कुणालाही म्हणतात तसं म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तिनं कॉलर नीट केली. आबांनी तिला करू दिली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते तसेच उभे होते.

आम्ही सामान आवरलं. गाडीत बसल्यावर त्यांनी कोट काढला, घडी करून मांडीवर घेतला आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर ब्रशनं साफ करून दारामागे टांगला. मला तो अबोला सहन होईना, आणि मला सहन झालं नाही की मी भांडते.

"काय चुकलं माझं?" मी म्हणाले. "थंडीत कुडकुडायचं होतं का तुम्हाला? कुठलं ते गाव आणि कुठली ती माणसं, अजून तेच धरून बसलात! हे इंग्लंड आहे. आणि मी पैसे देऊन घेतलाय, कुणी टाकलेला उचलून नाही आणला."

आबा शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "पैसे देऊन घेतलास हे खरं. तेवढं सांगितलं असतंस तर मी घातलाही असता. नसताही घातला. पण ते मी ठरवलं असतं."

मी एका खोक्यातला टोस्टर काढून उगाच दुसऱ्या खोक्यात ठेवला.

"गावातले लोक मढ्याचा कपडा द्यायचे," ते म्हणाले, "पण मढ्याचा आहे हे सांगून द्यायचे. नवा म्हणून कुणी अंगात घातला नाही."

ते आवाज चढवून बोलले असते तर मी भांडत राहिले असते. ते उठून आत गेले आणि मी सामानाच्या खोक्यांमध्ये उभी राहिले.

सोमवारी अर्धा दिवस रजा काढून मी शहरात गेले आणि पहिल्यांदाच काही कमी कराल का असं न विचारता एक कोट घेतला. घरी येऊन तो आबांच्या समोर टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर पावती ठेवली. त्यांनी ती मागितली नव्हती. माझ्या शब्दाला त्यांनी कधीच पुरावा मागितला नव्हता. लहानपणी माझे मार्कसुद्धा ते माझ्या तोंडून ऐकून खरे मानायचे, प्रगतिपुस्तक नंतर सही करताना बघायचे. मला वाटलं, ते पावती बाजूला सारतील आणि वेडी आहेस का म्हणतील. मी त्याची वाट बघत होते.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, पावती खिडकीच्या उजेडात धरली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. मग त्यांनी नव्या कोटाच्या बाहीत हात घातला.